नळदुर्गचा कोरडा धबधबा आणि माझे पाच स्टार: रिव्ह्यू लिहायचा कसा

गेल्या मे महिन्यात पुण्याहून मेहुणा आला, बायको-पोरांसह. लातुरात चार दिवस घरात बसून करायचं काय, म्हणून त्यानं मोबाइलवर नळदुर्गचा किल्ला काढला. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल, त्याच्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, फोटो बघूनच पोरं हरखली. आम्ही पोचलो दुपारी बाराला. वर ऊन, खाली तापलेला काळा दगड आणि पाणी महालाच्या भिंतीवर पाण्याचा एक थेंब नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, इतक्या जणांनी अप्रतिम लिहिलंय की!" मग मोबाइल वर-खाली करता करता थांबला आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. "हा तुमचाच ना?"

माझाच होता. पाच स्टार, धबधब्याचा फोटो आणि खाली तीन शब्द: 'अप्रतिम!! नक्की जा.' फोटो ऑगस्टातला. पण ऑगस्ट हा शब्द मी कुठंच लिहिला नव्हता, आणि गूगल मॅप्सवर रिव्ह्यूखाली दिसतं ते 'तीन वर्षांपूर्वी' एवढंच. महिना कुणाला कळणार?

बियाणे कंपनीच्या कामानं मी मराठवाड्याचे आठही जिल्हे फिरतो. महिन्यातले वीस दिवस बाहेरचं जेवण, आठवड्याला एखाद-दोन रात्री लॉज. रिव्ह्यू शेकड्यानं लिहिलेत. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर बसून जुने वाचत आलो, तर निम्म्याहून जास्त कुणाच्याच कामाचे नव्हते. 'टेस्ट एक नंबर.' 'सर्व्हिस बेकार.' 'मस्त लोकेशन.' तेव्हापासून लिहायची पद्धत बदलली, ती इथं सांगतो. बहुतेक गोष्टी गूगल मॅप्स धरून सांगितल्यात, कारण आपल्याकडं धाब्यापासून दवाखान्यापर्यंत लोक तिथंच बघतात. झोमॅटो किंवा हॉटेल बुकिंगच्या ॲपवरही हीच रीत चालते.

कुणासाठी लिहायचं

तुळजापूरहून आलेल्या माणसाला घरात पाऊल टाकताच काय विचारतात? गर्दी होती का? दर्शनाला किती वेळ लागला? जेवलात कुठं? गाडी कुठं लावली? आजीला चालणं झालं का? 'मंदिर कसं होतं' असं कुणी विचारत नाही. रिव्ह्यू म्हणजे या प्रश्नांची उत्तरं. विचारणारा अनोळखी असतो आणि उद्या-परवा तिथं जाणार असतो, एवढाच फरक. मालकाला शाबासकी द्यायची असेल तर ती गल्ल्यावर तोंडानं द्या. त्याला राग दाखवायचा असेल तर तोही आधी तिथंच.

हे एकदा डोक्यात बसलं की काय लिहायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. देवस्थानांचे रिव्ह्यू उघडून बघा, खाली नुसता जयजयकार असतो. भाव खरा आहे, पण देवीला तुमच्या पाच स्टारांची गरज नाही. स्टार द्यायचेत ते दर्शनरांगेला, चपलांच्या स्टँडला, स्वच्छतागृहाला. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला शर्ट काढून जावं लागतं, नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात डोकं झाकावं लागतं, ही माहिती पहिल्यांदा जाणाऱ्याला जयजयकारापेक्षा जास्त उपयोगी पडते. तुळजापुरात मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला रांग कुठवर जाते, हे गावातल्या पोराला माहीत असतं. नागपूरहून निघालेल्या कुटुंबाला नसतं.

उठायच्या आधी दोन मिनिटं

घरी जाऊन लिहू म्हटलं की आकडे निसटतात. थाळी १२० ची होती की १४० ची, हे संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही. म्हणून जेवण झालं, बडीशेप तोंडात टाकली की मी तीन फोटो काढतो: बिल, दरपत्रक आणि बाहेरून दिसणारी पाटी. फोटोला तारीख-वेळ आपोआप लागते. बिल मिळत नसेल तर (धाब्यावर बहुतेक वेळा पाठकोऱ्या कागदावर बेरीज असते) स्वतःलाच व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवून ठेवतो: 'बुध, दीड वाजता, चौघं, ५४०.' बाकी काही नाही. तोंडावर मोबाइल धरून व्हिडिओ काढत जेवणारे बघितलेत मी. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा घास घशात अडकतो.

पिन दाबण्याआधी पाटी वाचा

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथलीच. धाराशिव जिल्ह्यात एका रस्त्यावर भवानीच्या नावाची दोन हॉटेलं आहेत, मध्ये तीनेक किलोमीटरचं अंतर. एकात मटण खाल्लं, हाडंच हाडं निघाली. चिडून रात्री लॉजवर दोन स्टार ठोकले. दुसऱ्या दिवशी मालकाचं उत्तर आलं: 'साहेब, आमच्याकडं मटण मिळत नाही. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. धन्यवाद.' त्या धन्यवादानं जास्त लागलं. रिव्ह्यू तर काढलाच, पुढच्या खेपेला तिथं मुद्दाम थांबून जेवलो आणि गल्ल्यावर माफीही मागितली. "होतंय मालक, आठवड्याला एक तरी येतोच त्यांचा," असं म्हणून त्यांनी बडीशेपेची वाटी पुढं केली.

आपल्याकडं जय भवानी, तुळजाई, शिवनेरी, साई, बालाजी या पाच नावांत अर्धा हायवे संपतो. म्हणून पिन (मॅपवरची त्या जागेची खूण) उघडली की आधी तिच्यातले बाहेरचे फोटो तुमच्या पाटीच्या फोटोशी ताडून बघा, मग रस्त्याची बाजू बघा. दुसरी भानगड जिल्ह्यांच्या नावांची. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण दुकानांच्या नोंदी कुठं जुन्या नावानं आहेत, कुठं नव्या. एका नावानं सापडलं नाही तर दुसऱ्यानं शोधा. एकाच दुकानाच्या दोन पिना दिसल्या तर ज्या पिनेवर जास्त आणि ताजे रिव्ह्यू आहेत तिथं लिहा आणि दुसरीवर 'दुरुस्ती सुचवा' मधून डुप्लिकेट असल्याचं कळवा. आणि पिनच नसेल तर? नवीन जागा जोडता येते, मालकाची परवानगी लागत नाही. पण त्याला सांगून जोडलेलं बरं. एका खानावळीच्या मावशी म्हणाल्या होत्या, "नको बाबा, आहे तेवढंच आवरंना." मी जोडली नाही.

स्टार

यावर फार वेळ घालवू नका. माझा हिशेब असा: पुन्हा मुद्दाम वाट वाकडी करून जाईन तर पाच, वाटेत आलं तर थांबेन ते चार, दुसरं काही नसेल तर तीन, टाळेन ते दोन. एक स्टार मी फसवणुकीसाठी आणि पोट बिघडवणाऱ्या घाणीसाठी राखून ठेवतो. जागेची तुलना तिच्या जातीच्या जागेशीच करायची. टपरीला एसी नाही म्हणून स्टार कापणारा माणूस मी पाहिलाय. त्याच्याबद्दल काय लिहावं?

मजकूर

आता खरं काम. अंबाजोगाई रस्त्यावरच्या एका खानावळीचा माझा जुना रिव्ह्यू असा होता: 'जेवण खूप छान, घरगुती चव, नक्की भेट द्या.' तोच पुन्हा लिहिला तो असा:

'बुधवारी दुपारी दीडला गेलो, चौघं होतो. शाकाहारी थाळी १२० (जानेवारीतला दर): ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं, भरलं वांगं, येसर आमटी, भात, ठेचा, कांदा. भाकरी मागाल तेवढी आणि तव्यावरची गरम, भात एकदाच. आमटी झणझणीत आहे, पोरांसाठी दही वेगळं २० ला घेतलं. ताट यायला पंचवीस मिनिटं लागली, कारण भाकरी बसल्यावरच थापतात. घाईत असाल तर वाटेत फोन करून सांगा. पाणी जारचं. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, स्वच्छ होतं, पण दाराला आतून कडी नाही. ऑनलाइन पैसे चालतात, नेटवर्क जातं, रोख जवळ ठेवा. अंबाजोगाईकडून येताना पाटी झाडामागं जाते. पेट्रोल पंप गेला की लगेच डावीकडं.'

यात 'छान' हा शब्द एकदाही नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की जेवण चांगलं आहे, आणि हेही कळतं की ते त्याच्यासाठी चांगलं आहे का. अर्ध्या तासात परळीची गाडी पकडायची असेल तो इथं थांबणार नाही. आजी-आजोबांना घेऊन निघालेला थांबेल, पण आमटी जरा जपून वाढून घेईल. 'चव घरगुती' म्हटलं तर कुणाच्या घरची? आमच्या घरी काळं तिखट पडतं, मेहुण्याच्या घरी गूळ.

पंचवीस मिनिटांच्या पुढं 'कारण' आलंय, ते लक्षात ठेवा. नुसता 'उशीर' लिहिला असता तर तो दोष झाला असता. कारण लिहिलं की वाचणारा स्वतः ठरवतो. तसंच दराच्या पुढं महिना. दर बदलतात, आणि दोन वर्षांपूर्वीचा ८० चा आकडा वाचून येणारा माणूस आज गल्ल्यावर भांडतो. भांडण खानावळवाल्याच्या नशिबी, चूक आपली.

पाण्याबद्दल मी प्रत्येक रिव्ह्यूत लिहितो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आलं ते लातूर माझं गाव. उन्हाळ्यात लॉजला नळाला पाणी किती वेळ येतं, बादली भरून ठेवावी लागते का, प्यायचं पाणी जारचं, बोअरचं की विकतच्या बाटलीचं, हे इथल्या माणसाला स्टारांआधी कळायला हवं. बायकोनं मला दुसरी सवय लावली ती स्वच्छतागृहाची. आम्ही पुरुष लिहितो 'पार्किंग प्रशस्त'. ती विचारते, "आत जाता येतं का, ते कुठं लिहिलंय?" हायवेवर घरच्या बायकांना घेऊन जाणाऱ्यासाठी ती एक ओळ बाकी सगळ्या रिव्ह्यूएवढी मोलाची आहे. व्हीलचेअर किंवा गुडघेदुखीवाल्यांसाठी पायऱ्या किती, कठडा आहे का, तेही तसंच.

लांबी किती? सहा-सात वाक्यं पुष्कळ. गूगलच्या लोकल गाइड योजनेत एका रिव्ह्यूला १० गुण मिळतात आणि मजकूर २०० अक्षरांच्या पुढं गेला की आणखी १०. त्या गुणांचं बाजारात काही येत नाही, २५० गुणांना चौथी पातळी आणि नावापुढं बिल्ला लागतो एवढंच. पण २०० अक्षरं हे माप चांगलं आहे. त्याच्या आत बहुधा विशेषणंच मावतात.

वार, ऋतू आणि वेळ

फिरायच्या जागांना हे सगळ्यात जास्त लागू. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. दरवर्षी कितीतरी लोक उलट वारी फाटकावर उभे राहतात. दोन्ही एका सहलीत करणाऱ्यानं रविवारी रात्री संभाजीनगरला मुक्काम टाकला की सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा असं बरोबर बसतं. उलटं केलं तर दोन्हीकडं कुलूप. अजिंठ्याला स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं. मग रिव्ह्यूत काय लिहायचं? बसला किती वेळ थांबलात, परतीची गर्दी कितीला सुरू होते, आत पाणी मिळतं का. शिल्पं अप्रतिम आहेत हे जगाला १९८३ पासून माहीत आहे, त्या वर्षी दोन्ही लेण्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

पाण्याच्या जागांना महिना लिहिल्याशिवाय रिव्ह्यू पाठवूच नका. कपिलधार, सौताडा, नळदुर्ग, सगळं पावसावर. आपला पाऊस कसा, ते तुम्हाला सांगायला नको. जायकवाडीला पक्षी बघायचे तर हिवाळ्यात. हुरडा पार्ट्यांच्या शेतांचे रिव्ह्यू तर एप्रिलात वाचून लोक फोन करतात, 'उद्या येऊ का?' ज्वारी दाण्यात भरते तेव्हाच हुरडा, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या आसपास. आगटीभोवती बसून खाल्ल्याचा फोटो टाकलात तर खाली लिहा, कितव्या आठवड्यात गेला होतात आणि दाणा कोवळा होता की निबर झाला होता.

किल्ल्यांवर सावली. कंधार, औसा, परांडा, कुठंही गेलात तरी किती वाजता निघालात आणि ऊन कितीला असह्य झालं, ते लिहा. देवगिरीला अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारातून जायचं असतं, तिथं लहान मुलं घाबरली का, वटवाघळांचा वास सोसला का, मोबाइलची बॅटरी पुरली का, हे वाचून आजोबांना खालीच बसवायचं की वर न्यायचं, ते ठरतं.

फोटो

दरपत्रक, पाटी, ताट, पार्किंग, खोलीतली मोरी. एवढे पाच असले की झालं. स्वतःचा सेल्फी नको, मागं उभा कैलास लेण्याचा हत्ती तुमच्या खांद्याआड जातो. वाढणाऱ्या बाईचा, भांडी घासणाऱ्या पोराचा, शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाचा चेहरा दिसत असेल तर तो फोटो टाकायचा नाही. बिलाचा फोटो टाकताना त्यावरचा आपला मोबाइल नंबर कापून घ्या, लॉजच्या पावतीवर तर पत्ताही असतो.

हॉटेलात अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणं बंधनकारक आहे. मिठाईचं दुकान असेल तर मी तो आवर्जून बघतो. कुंथलगिरीच्या नावानं पेढे कुठंही विकतात, क्रमांकावरून परवाना कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर आहे, हे तरी कळतं.

वाईट अनुभव आला तर

इथं घाई करू नका. आधी गल्ल्यावर जा. "मामा, भाजी आंबलीय," एवढं म्हटलं की दहातले सात जण ताट बदलून देतात. बदलून दिलं तर रिव्ह्यूत तेही आलं पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं. नाही दिलं, उलट अंगावर आले, तर तिथं मोबाइल काढून 'एक स्टार टाकतो बघ' म्हणायचं नाही. ती धमकी होते, आणि पुढं तुमचा रिव्ह्यू खरा असला तरी त्याची किंमत जाते. घरी जा, झोपा, सकाळी लिहा.

लिहिताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनानं जोडलेलं वेगळं करा. माझ्या एका मित्राचा मसुदा असा होता: 'चोर आहेत साले. शिळं अन्न देऊन लोकांच्या जिवाशी खेळतात. मालक दारू पिऊन बसलेला.' मी त्याला विचारलं, शिळं होतं हे कशावरून? वास येत होता. कशाला? वरणाला. मालक दारू प्यालेला? तसा वाटला. मग आम्ही बसून लिहिलं:

'शनिवारी रात्री साडेनऊला वरणाला आंबूस वास येत होता. सांगितल्यावर वाढपी म्हणाला, आत्ताच केलंय. बदलून दिलं नाही, बिलात पूर्ण १८० लावले. मालकांशी बोलायचा प्रयत्न केला, ते उठून आत गेले. रोटी आणि पनीर ठीक होतं.'

शिव्या गेल्या तसा मजकूर जास्त बोचरा झाला. आणि यातलं प्रत्येक वाक्य उद्या कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगता येतं. हे नुसतं शहाणपण म्हणून सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्भावनेनं दिलेलं मत यांना त्यात सूट आहे. 'चोर', 'भेसळ करतात', 'खुनी डॉक्टर' हे तुमच्याकडं पुरावा असल्याशिवाय त्या सुटीत बसवणं अवघड. 'वरणाला वास येत होता' हे आरामात बसतं.

नियम माहीत नसताना लूट-लूट ओरडू नका, हेही सांगून ठेवतो. हॉटेलात बसून पाण्याची बाटली मागितली आणि छापील २० ऐवजी ३० घेतले, यावर एक स्टारचे ढिगानं रिव्ह्यू असतात. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेल-रेस्टॉरंटांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकायला मोकळीक दिलेली आहे. किराणा दुकानाला ती नाही. म्हणून 'बाटली ३० ला, साधं पाणी मागितलं तर दिलं' एवढं लिहा. उलट बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या बाजूनं आहेत, तो काढायला सांगता येतो. काढला की नाही, ते रिव्ह्यूत येऊ द्या.

पैसे परत हवे असतील तर रिव्ह्यूवर विसंबू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथं मराठीतही बोलता येतं. अन्नातून विषबाधा झाली असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार करा. रिव्ह्यू नंतर, किंवा सोबत.

दवाखान्याबद्दल मी फारच हात राखून लिहितो. किती वेळ बसवलं, पावती दिली का, औषधं आतल्याच दुकानातून घ्या म्हणाले का, रात्री कुणी असतं का, एवढंच. उपचार बरोबर होते की चूक, हे मला कळत नाही, आणि माणूस गेल्यावर आपणही काही कळायच्या अवस्थेत नसतो. घरच्या पेशंटचा आजार त्याला न विचारता जगापुढं मांडायचा नाही.

आणि मालकाची जात, धर्म, गाव, बोलण्याची लकब यांतलं काही रिव्ह्यूत आलं तर तो रिव्ह्यू राहिला नाही. असं लिहिलेलं दिसलं की मी तीन टिंबांवर बोट ठेवून रिपोर्ट करतो.

फुकटची गुलाबजाम

'पाच स्टार टाका, गुलाबजाम फ्री' अशा पाट्या आता गावोगाव दिसतात. गूगलच्या नियमांत सवलत किंवा वस्तूच्या बदल्यात घेतलेला रिव्ह्यू बसत नाही, मग तो खरा असला तरी. स्वतःच्या, नोकरीच्या किंवा स्पर्धकाच्या दुकानाबद्दल लिहिणंही नाही. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं, पण ते ऐच्छिक आहे. गावात खरा दाब असतो तो नात्याचा. चुलतभावानं परळीत मोबाइलचं दुकान टाकलं तेव्हा घरच्या ग्रुपवर लिंक आली, 'सगळ्यांनी पाच स्टार टाका रे.' एका संध्याकाळी बावीस रिव्ह्यू पडले, आडनाव एकच. आठवडाभरात बहुतेक गायब झाले. मी टाकला नव्हता, म्हणून काकू अजून बोलत नाही.

मराठीत लिहा

मोडक्या इंग्रजीत 'फूड इज गुड' लिहिण्यापेक्षा मराठीत लिहिलेलं बरं, परप्रांतीयाला ॲप भाषांतर करून दाखवतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्ड कीबोर्डवर भाषा मराठी करून माइक दाबा आणि बोला. फक्त पाठवण्याआधी वाचा. माझं 'धपाटे दह्यासोबत मिळतात' एकदा 'थपडा दह्यासोबत मिळतात' असं उमटलं होतं. विरामचिन्हं आणि आकडे हातानं नीट करून घ्या. दर चुकला तर बाकी सगळं वाया.

पाठवल्यावर

तुमच्या खात्याचं नाव आणि फोटो सहसा रिव्ह्यूसोबत सगळ्यांना दिसतो, हे ध्यानात ठेवा. मालकाला तुमचा रिव्ह्यू स्वतः काढून टाकता येत नाही, तो गूगलकडं तक्रार करू शकतो किंवा खाली उत्तर लिहू शकतो. उत्तर आलं तर वाचा. बाजू पटली तर मजकूर दुरुस्त करा, भांडण वाढवू नका. दुरुस्ती सोपी आहे: मॅप्समध्ये आपल्या प्रोफाइलवर जायचं, रिव्ह्यूंची यादी उघडायची, हव्या त्या रिव्ह्यूच्या तीन टिंबांवर बोट ठेवायचं, तिथं बदलायचा आणि काढून टाकायचा, दोन्ही पर्याय मिळतात. खानावळीच्या दाराला कडी बसली की मी ती ओळ काढली.

नळदुर्गचा आता असा आहे, चार स्टार:

'धबधबा फक्त पावसाळ्यात, तोही बोरी नदी भरून पाणी महालावरून वाहू लागली तरच. फोटो ऑगस्टमधला आहे. मे महिन्यात दुपारी बाराला गेलो तेव्हा भिंत कोरडी होती, दगड चटके देत होता. उन्हाळ्यात जायचं तर सकाळी आठच्या आत पोचा. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी सोबत घ्या. उपळी बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावा. आत फिरायला अडीच तास लागले.'

मेहुण्यानं त्याला लाइक दिला. मग फोन करून म्हणाला, "दाजी, दोन तास दहा मिनिटं लागली होती. शेवटची वीस मिनिटं तुम्ही चपलेचा अंगठा शिवून घेत होता."